युद्ध ‘पवित्र’ ठरतं कसं? क्रुसेड, जिहाद आणि धर्मयुद्ध

मराठीत ‘धर्मयुद्ध’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना लावला जातो: मध्ययुगीन युरोपातलं क्रुसेड, इस्लामी कायद्यातला जिहाद आणि महाभारतातली नियमांनी बांधलेली लढाई. त्यामुळे असा समज पसरला आहे की दोन वेगळ्या धर्मांची सैन्यं समोरासमोर आली की झालं पवित्र युद्ध. तसं असतं तर इतिहासातल्या असंख्य लढायांना हेच नाव द्यावं लागलं असतं. आणि त्यांतल्या पुष्कळशा महसूल, बंदर, घाटवाट नाहीतर गादी यांच्यापायी झालेल्या आहेत.

पवित्र युद्ध ओळखायला तीन प्रश्न पुरतात. लढण्याची आज्ञा कोणी दिली: नुसत्या राजाने, की धर्माच्या नावाने बोलण्याचा अधिकार असलेल्या कोणी? लढणाऱ्याला त्याबद्दल धर्माच्या हिशेबात काय मिळणार? आणि हे कर्तव्य कोणावर आहे, त्यातून सुटका कशी होते? यातला मधला प्रश्न सगळ्यात मोलाचा. एरवी माणूस मारणं हे पाप. पवित्र युद्धात तेच पुण्यकर्म ठरतं. हा पालट झाला नसेल तर युद्ध कितीही देवाधर्माच्या घोषणा देत लढलेलं असो, ते साधं युद्ध.

हा पालट किती मोठा होता ते हेस्टिंग्सच्या लढाईवरून कळतं. १०६६ साली याच लढाईने उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. त्यानंतर त्याच्याच प्रदेशातल्या बिशपांनी जिंकून आलेल्या सैनिकांना प्रायश्चित्ताचं कोष्टक लावून दिलं. ठार केलेल्या दर माणसामागे एक वर्ष प्रायश्चित्त. जखमी केला पण मेला की नाही ठाऊक नसेल, तर दर माणसामागे ४० दिवस. किती मारले त्याचा आकडाच सांगता येत नसेल, तर उरलेलं आयुष्यभर आठवड्यातला एक दिवस, किंवा त्याबदली चर्च बांधून द्यायचं. आपला बाण कोणाला लागला हे तिरंदाजांना कळत नाही, म्हणून त्यांना चाळीस-चाळीस दिवसांचे तीन उपासकाळ. म्हणजे आपल्याच राजासाठी, त्याच्या हक्काच्या मानलेल्या युद्धात लढूनही मारण्याचा दोष लागत होता. पुढच्या ३० वर्षांच्या आत पोपने जाहीर केलं की एका विशिष्ट युद्धावर जाणं हेच सगळ्या प्रायश्चित्ताऐवजी धरलं जाईल.

नाव मात्र त्याहून जुनं

‘पवित्र युद्ध’ हे नाव प्राचीन ग्रीकांनी डेल्फीच्या अपोलो मंदिरावरून झालेल्या युद्धांना दिलं होतं. त्यात दोन्ही बाजू एकाच देवाला मानणाऱ्या होत्या. भांडण होतं मंदिराच्या कारभारावरून आणि त्याच्या देवस्थान जमिनीवरून. इ.स.पू. ३५६ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या पवित्र युद्धाचं निमित्त होतं देवाची जमीन कसल्याबद्दल फोकिस प्रांतातल्या लोकांना झालेला दंड. तो भरण्याऐवजी त्यांनी मंदिरच ताब्यात घेतलं, तिथला खजिना वितळवून नाणी पाडली आणि त्यावर भाडोत्री सैन्य पोसलं. दहा वर्षांनी हरल्यावर त्यांना वर्षाला ६० टॅलेंटच्या (टॅलेंट हे चांदीचं मोठं वजनमाप) हप्त्यांनी तो खजिना परत फेडायला लावला. लढून पुण्य लागण्याचा इथे फारसा संबंध नाही.

नवस, क्रूस आणि माफी

क्रुसेड, म्हणजे पोपच्या आवाहनावरून निघालेली युद्धमोहीम, ही मात्र पुरती बांधलेली यंत्रणा होती. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधल्या क्लेर्माँ इथे पोप दुसरा अर्बन याने आवाहन केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती साम्राज्याच्या, सम्राट अलेक्सियसचे दूत तुर्कांविरुद्ध मदत मागायला आले होते. अर्बनच्या भाषणाचं शब्दशः टिपण उरलेलं नाही. आज वाचायला मिळतात ते सगळे तपशील नंतर लिहिलेले आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून भाषणातली जळजळीत वाक्यं कोणी उद्धृत केली, तर ती अर्बनची म्हणून घेऊ नयेत. परिषदेचा ठराव मात्र स्पष्ट आहे: मान किंवा पैसा मिळवायला नव्हे, तर केवळ भक्तीने जो जेरुसलेमच्या चर्चच्या मुक्ततेसाठी जाईल, त्याची ही वाट सगळ्या प्रायश्चित्ताच्या ठिकाणी धरली जाईल.

याला ‘स्वर्गाचं तिकीट’ म्हणायची सवय आहे. ते ढोबळ आहे. कॅथलिक रीतीत पाप कबूल केलं की दोषाची क्षमा मिळते, पण प्रायश्चित्त उरतं: उपास, दान, यात्रा. माफी होती ती या उरलेल्या प्रायश्चित्ताची, आणि पाप आधी कबूल केलेलं असणं ही अट होती. अर्थात गावोगावच्या प्रवचनकारांनी ऐकणाऱ्यांना हा बारकावा समजावला असेल असं मानायचं कारण नाही.

जाणाऱ्या माणसाने करायचं ते असं. पाद्र्यासमोर नवस बोलायचा आणि कापडाचा क्रूस अंगरख्यावर शिवून घ्यायचा. त्या क्षणापासून तो कायद्याने यात्रेकरू. त्या काळचे लोक या मोहिमांना ‘वाट’ किंवा ‘यात्रा’च म्हणत आणि जाणाऱ्यांना ‘क्रूसधारी’. ‘क्रुसेड’ हा शब्द फार नंतरचा. नवस बोललेला माणूस गेला नाही, तर त्याला धर्मबहिष्कृत करता येई. नवस न फेडता मेला, तर तो वारसांच्या डोक्यावर बसे.

बदल्यात सवलती मिळत. १ डिसेंबर ११४५ च्या फर्मानात पोप तिसरा यूजीन याने त्या नीट मांडल्या. माणूस परत येईपर्यंत किंवा त्याच्या मृत्यूची पक्की खबर येईपर्यंत बायकामुलं आणि मालमत्ता चर्चच्या संरक्षणाखाली. तोवर त्याच्यावर मालमत्तेचे दावे चालणार नाहीत. जुन्या कर्जावरचं व्याज माफ. ज्या सरदाराकडून जमीन मिळाली त्याने वा नातेवाइकांनी उसने पैसे द्यायचं नाकारलं, तर जमीन चर्चकडे गहाण टाकायला मोकळीक. गहाण टाकायची वेळ येई, कारण हा खर्च ज्याचा त्याने करायचा होता. १०९६ मध्ये नॉर्मंडीच्या ड्यूक रॉबर्टने अख्खी नॉर्मंडी सख्ख्या भावाकडे, म्हणजे इंग्लंडच्या राजाकडे, १०,००० मार्क (मार्क हे चांदीचं वजनमाप) चांदीला गहाण ठेवली. हे लोक लूट करून श्रीमंत व्हायला निघाले होते असं सर्रास म्हटलं जातं. काहींनी लूट केलीही. पण घरून निघतानाचे हिशेब पाहिले, तर मोठ्या सरदारांनी या उद्योगात कमावल्यापेक्षा घातलंच जास्त.

पैसा कमी पडला की काय होतं

पहिल्या क्रुसेडने १०९९ मध्ये जेरुसलेम जिंकलं होतं. जुलै ११८७ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या हत्तीनला क्रुसेडरांचा धुव्वा उडाला आणि २ ऑक्टोबरला इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन याने जेरुसलेम परत घेतलं. तेव्हा ज्याने त्याने आपल्या पदरचं घालून चालणार नाही हे उघड झालं. ११८८ मध्ये इंग्लंडात ‘सलाहुद्दीनचा दशांश’ म्हणून कर बसला: उत्पन्न आणि जंगम मालमत्ता यांचा दहावा हिस्सा. सरदारांची शस्त्रं, घोडे, कपडे आणि पाद्र्यांची पुस्तकं व पूजेची वस्त्रं त्यातून वगळली होती. वसुली गावच्या चर्चमध्ये, पाद्री, टेंपलर आणि हॉस्पिटलर या लष्करी धर्मसंघांचा एकेक माणूस, राजाचा माणूस, सरदाराचा माणूस आणि बिशपचा कारकून अशा सगळ्यांच्या देखत. कोणी कमी भरल्याचा संशय आला, तर गावातले चार किंवा सहा भले लोक निवडून त्यांच्याकडून शपथेवर आकडा घ्यायचा. स्वतः क्रूस घेणाऱ्याला हा कर माफ. साहजिकच क्रूस घेणाऱ्यांची संख्या वाढली. फ्रान्समध्ये याच कराविरुद्ध इतकी ओरड झाली की राजाला तो मागे घ्यावा लागला.

सगळ्यात शिकण्यासारखा घोटाळा झाला चौथ्या क्रुसेडमध्ये. १२०१ साली फ्रेंच सरदारांच्या दूतांनी जहाजांसाठी व्हेनिसशी करार केला. ४,५०० स्वार आणि त्यांचे तेवढेच घोडे, ९,००० हाताखालचे शिलेदार, २०,००० पायदळ. दर माणशी २ मार्क, दर घोड्यामागे ४ मार्क. गुणाकार करून पाहा: ३३,५०० माणसांचे ६७,०००, घोड्यांचे १८,०००, एकूण ८५,००० मार्क. रक्कम ठरली ती येणाऱ्यांवर नव्हे, सांगितलेल्या आकड्यावर. लग्नाचा आचारी जशी सांगितलेल्या पानांचे पैसे घेतो, जेवायला कितीही येवोत, तसं. व्हेनिसने खरोखरच जहाजं बांधून काढली, वर स्वतःच्या ५० युद्धनौका घातल्या.

१२०२ च्या उन्हाळ्यात ठरल्यापैकी जेमतेम तिसरा हिस्सा माणसं व्हेनिसला पोचली. चूक कराराच्या मुळातच होती. नवस होता जेरुसलेमचा. व्हेनिसमार्गे जाण्याचा नव्हता. दूतांनी सही केली म्हणून इतर सरदारांवर ती वाट बंधनकारक होत नव्हती, आणि बरेच जण मार्सेय व इतर बंदरांतून परस्पर निघाले. जमलेल्यांनी सोनंनाणं गोळा केलं तरी ३४,००० मार्क बाकी राहिले. व्हेनिसच्या दोजेने, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या प्रमुखाने, तोडगा सुचवला: वाटेत ॲड्रिअॅटिकच्या काठी आमच्याशी बंड केलेलं झारा शहर आहे, ते घेऊन द्या, देणं पुढे ढकलतो. झारा ख्रिस्ती होतं, आणि ते ज्या हंगेरीच्या राजाच्या छत्राखाली होतं त्याने स्वतः क्रूस घेतलेला होता. पोप तिसरा इनोसंट याने हल्ला करू नका म्हणून बजावलं. नोव्हेंबर १२०२ मध्ये झारा पडलं आणि सैन्य धर्मबहिष्कृत झालं. कर्ज तरीही होतंच. मग कॉन्स्टँटिनोपलच्या पदच्युत सम्राटाचा मुलगा आला आणि गादी मिळवून दिलीत तर २,००,००० मार्क देतो म्हणाला. गादी मिळाली, पैसे मिळाले नाहीत. एप्रिल १२०४ मध्ये क्रुसेडरांनी ख्रिस्ती जगातलं सर्वांत श्रीमंत शहर लुटलं. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमधले ब्राँझचे चार घोडे त्याच लुटीतले. यातले बहुतेक लोक जेरुसलेमला पोचलेच नाहीत.

याच इनोसंटने नवसाची व्यवस्था आणखी सैल केली. १२१३ च्या फर्मानानंतर म्हातारे, आजारी, बायका, कोणीही क्रूस घ्यावा आणि नंतर पैसे भरून किंवा आपल्या खर्चाने दुसरा धट्टाकट्टा माणूस पाठवून नवस फेडावा, असं चालू झालं. हेतू व्यवहारी होता: लढू न शकणाऱ्यांची गर्दी छावणीत नको आणि पैसा हवा. परिणाम असा की माफीची किंमत रुपयांआण्यांत मोजायची सवय लागली, आणि पुढे सोळाव्या शतकात चर्चविरुद्ध उठलेल्या लूथरच्या काळापर्यंत ती चर्चच्या अंगाशी आली. दक्षिण फ्रान्समधल्या, चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथार पंथाविरुद्ध १२०९ मध्ये क्रुसेड पुकारलं, तेव्हा ४० दिवसांच्या चाकरीत माफी पुरी होई. मग सरदार उन्हाळ्यात येत, ४० दिवस भरले की घरी जात. सेनापतीच्या हातात किल्ले धरून ठेवायला मूठभर माणसं उरत. म्हणून ते युद्ध वीस वर्षं रेंगाळलं.

आणि एक मासला. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२१५ मध्ये नवस बोलला आणि बारा वर्षं टाळाटाळ केली. १२२७ मध्ये निघाला, आजारी पडून परत फिरला. पोपने त्याला बहिष्कृत केलं. तो तसाच, बहिष्कृत असताना, गेला आणि फेब्रुवारी १२२९ मध्ये इजिप्तचा सुलतान अल-कामिलशी तह करून लढाईविना जेरुसलेम मिळवलं. जेरुसलेमच्या ख्रिस्ती धर्मगुरूने आनंद करण्याऐवजी शहरातले धर्मविधी बंद पाडले. शहर हातात आलं, पण आज्ञेची आणि नवसाची चौकट मोडली होती. चर्चच्या हिशेबाने ते क्रुसेड जमेत धरता येत नव्हतं.

जिहाद: कायदा एक, वापर दुसरा

जिहाद म्हणजे मुळात झटणं. फिक्ह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र, यात लढाईच्या जिहादचे दोन प्रकार आहेत. फर्ज-ए-किफाया हे समाजावरचं सामूहिक कर्तव्य: पुरेशा लोकांनी केलं की बाकीचे मोकळे. यात आईवडिलांची परवानगी लागते, कर्जदाराला सावकाराची लागते, आणि आज्ञा राज्यकर्त्याची असावी लागते. फर्ज-ए-ऐन हे नमाज-रोजासारखं प्रत्येकावरचं कर्तव्य. शत्रू मुलखात घुसला की ते लागू होतं आणि वरच्या परवानग्या गळून पडतात. आधुनिक काळातले जहाल गट कायम दुसऱ्या प्रकारावरच बोट ठेवतात, ते याच कारणाने: मग ना राज्यकर्ता लागतो ना आईबापांची संमती.

कागदोपत्री सगळं बरोबर असूनही ते कसं फसतं, याचा नमुना पहिल्या महायुद्धातला, १९१४ चा. १४ नोव्हेंबरला इस्तंबूलच्या फातिह मशिदीत शेख-उल-इस्लामचे, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या सर्वोच्च धर्माधिकाऱ्याचे, पाच फतवे वाचले गेले. पद्धत ठरीव: लांबलचक प्रश्न, उत्तर एका शब्दाचं, ‘होय’. रशिया, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्याविरुद्ध लढणं जगभरच्या मुसलमानांवर फर्ज-ए-ऐन, त्यांच्या राज्यात राहणाऱ्यांवरसुद्धा. शेवटच्या फतव्यात गंमत आहे: जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्याविरुद्ध लढणं मात्र पाप, कारण ते आपले मदतनीस. ‘काफिरांविरुद्ध’ म्हणावं तर दोन मोठी ख्रिस्ती साम्राज्यं आपल्याच बाजूला. या जिहादवर ‘जर्मनीत बनवलेला’ अशी टीका त्याच काळात झाली. ब्रिटिशांनी मक्का, मदिना आणि जेद्दा यांना हात लावणार नाही, हजला अडथळा येणार नाही, असं आधीच जाहीर करून टाकलं होतं. मक्केच्या शरीफ हुसैनने जिहादला उघड पाठिंबा दिला नाही आणि जून १९१६ मध्ये तोच तुर्कांविरुद्ध उठला.

या फतव्यांची झळ पुणे शहराचं नाव असलेल्या फौजेलाही लागली. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत-अल-अमारा इथे डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ वेढ्यात अडकलेली फौज म्हणजे ब्रिटिशांच्या भारतीय सैन्याची सहावी, ‘पूना’ डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. तुर्कांनी गोऱ्या अधिकाऱ्यांना मारा अशी चिथावणी देणारी पत्रकं भारतीय भाषांत छापून छावणीत टाकली. थोडे भारतीय शिपाई पळाले, बंड झालं नाही. फौज अखेर शरण गेली ती भुकेने.

आपल्या किनाऱ्यावरचं उदाहरण याहून गुंतागुंतीचं आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मलबारच्या शेख जैनुद्दीन मखदूम यांनी पोर्तुगिजांविरुद्ध जिहाद करा असं सांगणारा अरबी ग्रंथ लिहिला आणि तो विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाला अर्पण केला. त्यात शेख साहेब पोर्तुगिजांशी लढणाऱ्या कालिकतच्या सामुतिरी राजाची भरभरून तारीफ करतात. सामुतिरी हिंदू. १५७० मध्ये आदिलशहाने गोव्याला, निजामशहाने चौलला वेढा घातला आणि सामुतिरीनेही पोर्तुगिजांविरुद्ध हत्यार उचललं. दोन्ही वेढे उठले आणि १५७१ संपता संपता आदिलशहाने पोर्तुगिजांशी तह केला. ग्रंथातला जिहाद आणि दरबारातला हिशेब वेगवेगळ्या गतीने चालले होते.

महाभारतातलं धर्मयुद्ध वेगळं

भीष्मपर्वाच्या सुरुवातीला दोन्ही सेना नियम ठरवतात. रथीने रथीशी, पायदळाने पायदळाशी लढावं. बेसावध, पाठ फिरवलेल्या, कवच गळून पडलेल्या माणसाला मारू नये. सारथी, शंख फुंकणारे, नगारे वाजवणारे यांच्यावर वार करू नये. मनुस्मृतीत विषारी बाणांना मनाई आहे. हे ‘युद्ध कसं करावं’ याचे नियम आहेत. शत्रू परधर्मी नाही, चुलतभाऊ आहे. कर्ण आणि दुर्योधन यांच्या वधावरून अजून वाद होतात, ते नियम मोडल्यामुळे. देव कोणाच्या बाजूला होता यात शंकाच नाही.

गीतेत ‘हतो वा प्राप्स्यसि स्वर्गं’ आहे, म्हणजे फळाचं आश्वासन आहेच, हे कबूल केलं पाहिजे. पण ते क्षत्रियाला त्याच्या वर्णाचं काम केल्याबद्दल आहे, समोरचा कुठल्या देवाला मानतो यावर ते टांगलेलं नाही. म्हणून क्रुसेडचं भाषांतर ‘धर्मयुद्ध’ केलं की दोन्हीकडे नुकसान होतं. ‘क्रुसेड’ आणि ‘जिहाद’ हे शब्द तसेच ठेवावेत, सर्वसाधारण संज्ञेला ‘पवित्र युद्ध’ म्हणावं आणि ‘धर्मयुद्ध’ नियमाने लढलेल्या लढाईसाठी राखावं, हे बरं.

आज हा शब्द कुठे भेटतो

पुष्कळदा नुसत्या अलंकारात. संगणकवाल्यांत एखाद्या निवडीवरून न संपणारा वाद पेटला की त्याला ‘होली वॉर’ म्हणतात. संख्येतला मोठा बाइट आधी ठेवायचा की लहान, या भांडणावर संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी याच शब्दात थट्टा केली होती. तिथे काही बिघडत नाही.

राज्यकर्त्यांच्या तोंडी मात्र बिघडतं. १६ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश दहशतवादाविरुद्धच्या युद्धाला ‘क्रुसेड’ म्हणाले. इंग्रजीत तो शब्द दारूबंदीच्या मोहिमेलाही लावतात. पण अरब जगात ऐकू आलं ते १०९९ चं जेरुसलेम, आणि व्हाइट हाउसला दोन दिवसांत दिलगिरीचा सूर लावावा लागला. इथे आपल्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत: ना धर्मसत्तेची आज्ञा, ना माफी, ना नवस. शब्द जिभेवर आला इतकंच.

रशियाचं तसं नाही. तिथलं सरकार युक्रेनवरच्या हल्ल्याला ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हणतं. पण २५ सप्टेंबर २०२२ च्या प्रवचनात मॉस्कोचे धर्मप्रमुख किरिल म्हणाले की लष्करी कर्तव्य बजावताना मरणाऱ्याचं बलिदान त्याची सगळी पापं धुऊन टाकतं. मार्च २०२४ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या जागतिक रशियन लोकपरिषदेने आपल्या दस्तऐवजात या मोहिमेला थेट ‘पवित्र युद्ध’ म्हटलं. आज्ञेला धर्माची मान्यता आहे, मरणाऱ्याला फळ आहे. तिसरा प्रश्न, नवसाचा, इथे लागू नाही, कारण भरती सरकार करतं. मे २०२४ मध्ये एस्टोनियाच्या संसदेने मॉस्कोच्या धर्मपीठाला आक्रमणाला साथ देणारी संस्था ठरवलं, आणि तसं ठरवताना या दस्तऐवजाचाही आधार घेतला.